कोरकू येते म्हणून पैसे कोणाला मिळतात? मेळघाटातील एका भाषेचा हिशेब

रानमोह (धागाकर्ता)

धारणी तालुक्यातील एका बँक शाखेत मी तीन वर्षे काम केले. तेथून बदली होऊन बराच काळ लोटला, तरी तेथे पडलेला एक प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. येथे मेळघाटात राहिलेले, तेथे काम केलेले आणि भाषांचा अभ्यास असलेले सदस्य आहेत हे ठाऊक असल्यामुळे तो सविस्तर मांडतो.

रुजू झालो त्या आठवड्यातच बाजाराच्या दिवशी सहज फिरायला गेलो होतो. एक व्यापारी ताडपत्रीवर बसून मोहफुले विकत घेत होता. पुढे पंधरा-वीस बायका टोपल्या घेऊन उकिडव्या बसलेल्या होत्या आणि हा गृहस्थ प्रत्येकीशी अस्खलित कोरकूत बोलत होता. कोणाच्या सुनेची चौकशी चालली होती, कोणाची थट्टा, आणि बोलता बोलता तराजूचे पारडे वर-खाली होत होते. मी चौकशी केली तेव्हा कळले की तो कोरकू नव्हे, दोन पिढ्यांपूर्वी बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबातील आहे आणि ही भाषा वडिलांच्या दुकानात बसून शिकला आहे.

दुसऱ्या दिवशी शाखेत एक वृद्ध बाई आल्या. रोजगार हमीची मजुरी खात्यावर जमा होत नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आधार कार्डावरील नाव आणि पासबुकावरील नाव यांत एका अक्षराचा फरक होता. शाखेत आम्ही पाच कर्मचारी होतो आणि पाचांपैकी एकालाही कोरकू येत नव्हती. बाईंना हिंदी बाजारापुरती कळत होती, मराठी जवळजवळ नाही. अखेर त्यांच्याबरोबर आलेल्या चौथीतल्या नातीने दुभाष्याचे काम केले. ती मुलगी काउंटरच्या काठाला धरून टाचा उंचावून उभी होती, कारण एरवी तिला माझा चेहरा दिसत नव्हता. प्रतिज्ञापत्र म्हणजे काय हे मी त्या मुलीला समजावून सांगितले आणि तिने आजीला. काय सांगितले ते देवाला ठाऊक. त्या दिवशी त्या मुलीची शाळा बुडाली आणि आजीची मजुरीही.

आता माझा प्रश्न. अल्पसंख्य भाषांविषयी बोलताना आपण नेहमी असे गृहीत धरतो की त्यांना ‘आर्थिक मूल्य’ नाही आणि म्हणून तरुण त्या सोडतात. परंतु त्या व्यापाऱ्याने भाषेची किंमत आपल्या सर्व समित्यांपेक्षा अचूक ओळखली होती. कोरकू आल्यामुळे माल त्याच्याकडे येत होता, उधारी वसूल होत होती आणि भाव ठरवणे त्याच्या हातात राहत होते. म्हणजे भाषेला मूल्य आहेच, प्रश्न एवढाच की ते कोणाच्या खिशात जाते. जिची ती मातृभाषा आहे ती चौथीतली मुलगी फुकट राबते, आणि ज्याने ती शिकून घेतली तो तिच्यावर दुकान चालवतो. माझ्यासारखा पगारी माणूस तर ती न शिकताही पूर्ण पगार घेतो.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातील नाही, गोंडीप्रमाणे द्राविडीही नाही. ती मुंडा गटातील, म्हणजे संताळी आणि मुंडारीची बहीण आहे. तिच्या बहिणी झारखंड, ओडिशा, बंगालकडे आहेत आणि ही एकटी सातपुड्यात राहिलेली, मुंडा भाषांमधील सर्वांत पश्चिमेकडची. पाण्याला संताळीत ‘दाक्’ म्हणतात आणि कोरकूत ‘डा’. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, तेव्हा ‘कोरकू’ म्हणजे फक्त ‘माणसे’. २०११ च्या जनगणनेत देशभरात ७ लाख २७ हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. हे लोक प्रामुख्याने मध्य प्रदेशात आणि आपल्याकडे अमरावती जिल्ह्याच्या धारणी व चिखलदरा तालुक्यांत राहतात. राज्यघटनेतील भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत, तिचा समावेश नाही. मेळघाटातील मूल घरी कोरकू बोलते, बाजारात हिंदी ऐकते आणि शाळेत त्याच्यापुढे मराठी पुस्तक येते. हा तिहेरी बोजा अमरावती किंवा पुण्याच्या मुलावर कधीही पडत नाही.

या मूल्याचा काही भाग भाषकांकडे वळवता येईल का, आणि कसा? भावनिक उत्तरे नकोत, व्यवहाराचे बोलू.

अकोटकर

व्यवहाराचेच बोलायचे असेल तर थोडे कडू बोलतो, राग मानू नये. आमच्या भागात कोरकू मजूर पिढ्यान्‌पिढ्या येतात. जो हिंदी आणि मराठी बोलतो तो ट्रॅक्टर चालवतो किंवा दुकानात बसतो, आणि जो फक्त कोरकू बोलतो तो निंदणी करतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही, बाजार असाच चालतो. कुपोषण, स्थलांतर आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते असे प्रश्न ‘आ’ वासून उभे असताना भाषेचा विषय काढणे मला शहरी माणसाची हौस वाटते. कोरकूतून शिकवायला लागलात तर ती मुले कायमची धारणीत अडकतील. त्यांना इंग्रजी द्या, संगणक द्या, ती आपली वाट काढतील.

आणि व्यापाऱ्याचे म्हणाल, तर त्याने मेहनत करून भाषा शिकली. तुमच्या पाच कर्मचाऱ्यांना कोणी अडवले होते?

रानमोह

अडवले कोणीच नव्हते, आणि माझ्या दुखण्यावर तुम्ही नेमके बोट ठेवले आहे. मला शिकण्याची गरज पडली नाही, कारण न शिकण्याचा खर्च मला भरावा लागत नव्हता. तो समोरचा माणूस भरत होता, दुसऱ्या फेरीचे बसभाडे आणि बुडालेली मजुरी देऊन.

पाटीपेन्सिल

मी चिखलदरा तालुक्यात एकोणीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. अकोटकरांचा मुद्दा मी स्टाफरूममध्ये शेकडो वेळा ऐकलेला आहे आणि पहिली दोन वर्षे मीही तेच म्हणत असे.

पहिल्या वर्षी माझ्या वर्गात बावीस मुले होती आणि बावीसही गप्प बसत. मी त्यांना मठ्ठ समजलो, हे आज लिहिताना लाज वाटते. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाई मला एकदा म्हणाल्या, “गुरुजी, पोरं घरी येऊन तुमची नक्कल करतात, पण तुम्ही काय म्हणता ते त्यांना कळत नाही.” तेव्हापासून रोज भांडी घासून झाल्यावर त्या मला अर्धा तास कोरकू शिकवू लागल्या. आधी आकडे शिकवले: मिया, बारी, आपाय, उफुन, मोनोय. दहाला ‘गेल’ म्हणतात हे कळल्यावर मुले माझ्या उच्चारावर इतकी हसली की वर्गाचे मौन त्या दिवशी सुटले ते सुटलेच.

येथील भाषाप्रेमींना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत फरक आहे. ‘आपण जेवू’ म्हटले तर ऐकणारा पंक्तीत आहे आणि ‘आम्ही जेवतो’ म्हटले तर तो बाहेर आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही, त्यामुळे हिंदी माध्यमातून आलेले सहकारी तेथे अडखळत. कोरकूत तो भेद आहे. ऐकणाऱ्यासकट आपण सर्व म्हणजे ‘आबुंग’, आणि त्याला वगळून आम्ही म्हणजे ‘आले’. शिवाय दोघांसाठी वेगळी रूपे आहेत: तू आणि मी असे आपण दोघे ‘आलांग’, तर मी आणि आणखी कोणी असे आम्ही दोघे ‘आलिंग’. मी फळ्यावर ‘आपण’च्या खाली ‘आबुंग’ आणि ‘आम्ही’च्या खाली ‘आले’ लिहिले आणि मराठी व्याकरणाचा जो धडा दरवर्षी महिनाभर रखडत असे तो दोन दिवसांत संपला. कोरकू वापरली म्हणून मुले मराठीत मागे पडली नाहीत, उलट मराठी लवकर आली. तेव्हा अकोटकर, कोरकूतून सुरुवात करणे म्हणजे कोरकूत अडकवून ठेवणे नव्हे. पायरी काढून घेऊन वर चढ म्हणण्यासारखे आपण आज करतो आहोत.

आता पैशाचे. आदिवासी क्षेत्रात काम केल्याबद्दल आम्हाला एकस्तर वेतनश्रेणी मिळत असे, म्हणजे एक पायरी वरचा पगार. मी तो घेतला, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु तो पगार डोंगर चढून तेथे राहिल्याबद्दल होता, मुलांशी बोलता आल्याबद्दल नव्हता. बावीस मुलांपैकी एकाशीही न बोलता निवृत्त झालेला शिक्षक आणि मी, आम्हा दोघांनाही तो सारखाच मिळाला. आणि ज्या बाईंनी मला शिकवले त्यांचे मानधन त्या काळी माझ्या एका दिवसाच्या पगाराच्या आसपास होते, तेही महिन्याचे. त्यांच्या शिकवणीचे मी काय दिले? दिवाळीला एक लुगडे.

स्टेथोस्कोप

एमबीबीएसनंतरच्या बंधपत्रित सेवेचे एक वर्ष मी मेळघाटातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले. पाटीपेन्सिल सरांनी शाळेचे लिहिले, मी दवाखान्याचे लिहिते.

आमच्याकडे भाषांतराचे सर्व काम आशाताईंवर पडत असे. आशांना कामानुसार मोबदला मिळतो: प्रसूती दवाखान्यात झाली तर इतके, लसीकरण पूर्ण झाले तर इतके. त्या यादीत ‘डॉक्टर आणि आई यांच्यामध्ये पाऊण तास उभे राहून बोलणे’ हे काम नव्हते. प्रत्यक्षात बाह्यरुग्ण विभाग त्यांच्या तोंडावर चालत असे. त्या रजेवर असल्या की मी बोटांनी खुणा करून औषधे देत असे. वैद्यकीय महाविद्यालयात असे केले असते तर वरिष्ठांनी मला बाहेर काढले असते.

एक प्रसंग विसरता येत नाही. एका लहान मुलाला प्रतिजैविक दिले आणि दिवसातून तीन वेळा द्यायला सांगितले. ते घरी पोहोचताना ‘जेवणाबरोबर’ असे झाले. ऑगस्ट महिना होता, घरात दोन वेळाच चूल पेटत होती आणि एखाद्या दिवशी एकदाच. आईने सांगितलेले तंतोतंत पाळले, म्हणून औषध दोनदाच गेले. चार दिवसांनी मूल परत आले ते धापा टाकत. ते वाचले, पण त्याला वाहनाने खाली जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावे लागले. त्या फेरीला जे डिझेल, जे मनुष्यबळ आणि जे दिवस लागले त्यांचा खर्च काढला, तर एका दुभाष्याचा काही महिन्यांचा पगार सहज निघाला असता. अर्थात खर्चाच्या पत्रकात तो ‘भाषा’ या नावाखाली कधीच दिसणार नाही. तो इंधन म्हणून दिसतो.

भुमकांबद्दलही एक वाक्य लिहायला हवे. गावातील या पारंपरिक वैदूंकडे लोक आधी जातात, याचे कारण केवळ अंधश्रद्धा हे नाही. भुमका त्यांच्या भाषेत विचारतो, ‘कधीपासून दुखते?’ पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या सळईचे चटके देण्याची डम्माची प्रथा भयंकरच आहे आणि तिचे समर्थन करण्याचा प्रश्नच नाही. पण चटक्याच्या आधी जे दहा मिनिटांचे बोलणे होते ते आमच्याकडे होत नसे. रुग्ण दवाखान्यात आणल्याबद्दल भुमकांना मोबदला देण्याचे प्रयोग मेळघाटात झाले, तेव्हा माझ्या मते प्रशासनाने नकळत त्याच बोलण्याची किंमत मोजली.

परदेशी पाखरू

मी वेल्समध्ये राहतो, त्यामुळे तेथील एक उदाहरण देतो. दोन्ही ठिकाणच्या श्रीमंतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मान्य करूनच वाचावे.

उत्तर-पश्चिम वेल्समध्ये ख्लीन नावाचे द्वीपकल्प आहे. तेथे समुद्रकाठी एका खोल दरीत नान्त ग्वर्थेर्न हे ग्रॅनाइटच्या खाणकामगारांचे गाव होते. खाणी बंद पडल्या आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत गाव पूर्ण ओस पडले, घरांची छपरे गेली. १९७८ मध्ये एका न्यासाने ते अख्खे गाव विकत घेतले आणि त्याचे निवासी वेल्श भाषा केंद्र केले. त्यामागील मुख्य प्रेरणा कार्ल क्लाउज नावाच्या डॉक्टरांची होती. त्या भागात भाषा मरते आहे आणि रोजगारही मरतो आहे, तर एकाच दगडात दोन्ही साधावे, असा तो विचार होता. आज लोक पैसे भरून तेथे राहायला आणि वेल्श शिकायला जातात, उपाहारगृह चालते, लग्नसमारंभही होतात.

परंतु हे केंद्र चालले, कारण बाहेर वेल्श येणाऱ्याला नोकरीत मागणी निर्माण झालेली होती. १९८२ मध्ये वेल्श दूरचित्रवाहिनी आली, १९९३ चा कायदा आला आणि २०११ च्या कायद्यानुसार सार्वजनिक संस्थांना वेल्शमधून सेवा देण्याची मानके २०१६ पासून लागू होऊ लागली. ग्विनेथ परगण्याची परिषद आपला अंतर्गत कारभारच वेल्शमधून करते, त्यामुळे तेथील कारकुनाला ती भाषा यावी लागते. भाषेला भाव येतो तो अभिमानाने नव्हे, जाहिरातीतील ‘आवश्यक पात्रता’ या रकान्याने.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच ख्लीनमध्ये शहरी लोकांनी सुट्टीसाठी घरे घेतल्यामुळे किमती इतक्या वाढल्या आहेत की वेल्श बोलणाऱ्या तरुण जोडप्याला स्वतःच्या गावात घर परवडत नाही. पैसा आला आणि भाषक बाहेर ढकलले गेले. चिखलदऱ्याला पर्यटन वाढते आहे असे वाचतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

अकोटकर

‘आवश्यक पात्रता’ हा मुद्दा पटला. दवाखान्याचा प्रसंग वाचून काही वेळ काही सुचले नाही. शहरी हौस हा शब्द मी मागे घेतो, पण प्रश्न मागे घेत नाही: आपल्याकडे हा रकाना भरणार कोण?

तारीख पे तारीख

पेशाने वकील आहे, म्हणून कायद्यापुरते बोलतो.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क सांगतो की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा. त्याला आठव्या अनुसूचीची अट नाही. तेव्हा ‘कोरकू अनुसूचीत नाही, म्हणून काही करता येत नाही’ हे कार्यालयातून ऐकू येणारे उत्तर चुकीचे आहे. अनुसूचीचा फायदा वेगळ्या ठिकाणी दिसतो. संताळी २००३ च्या ब्याण्णवाव्या दुरुस्तीने तेथे गेली आणि आज संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तिचे साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो. तिचे भाषक ७३ लाखांहून अधिक आहेत, तिला स्वतःची ओल चिकी लिपी आहे आणि मागे राजकीय ताकद उभी होती. कोरकूकडे यांतील काहीच नाही, त्यामुळे अनुसूचीची वाट पाहत बसणे मला व्यवहार्य वाटत नाही.

नोकरभरतीची स्थिती अशी आहे. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. महाराष्ट्रात २०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रांतील तलाठी, शिक्षक यांसारखी काही पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांसाठी ठेवली गेली. पुढे आंध्र प्रदेशातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकपदांचे शंभर टक्के आरक्षण रद्द ठरवले आणि तेव्हापासून अशा तरतुदींवर टांगती तलवार आहे. माझे मत असे की आपण जातीच्या दाखल्यावर सर्व भार टाकला आणि भाषेची चाचणी घेण्याचा विचार मागे ठेवला. समोरच्या नागरिकाशी बोलता येणे ही कामाशी थेट निगडित पात्रता आहे आणि तिचे समर्थन न्यायालयात करणे तुलनेने सोपे जाईल. ही चाचणी नांदेडचा किंवा सांगलीचा उमेदवारही देऊ शकतो. पण ती कोण आधी उत्तीर्ण होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

अवांतर: ओडिशाने २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेव्हा त्या त्या भाषेतील तरुणांना शाळांत कामे मिळाली. कोरकूसाठी अनुकरण करायचे तर नमुना फार दूर नाही.

सीताफळ

थोडा वेगळा सूर लावतो. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. ग्रामसभेने उजाड जंगल राखले, सीताफळे बाजारात थेट विकली, आणि २०१४ मध्ये त्या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी जोडलेला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. गावात काम आले ते हक्कामुळे. भाषेमुळे नव्हे. म्हणून या चर्चेत मला भीती वाटते की भाषेच्या नादात जमीन, वनोपज आणि भाव हे विषय मागे पडतील. रानमोह यांच्या व्यापाऱ्याच्या हातात भाव होता तो त्याला कोरकू येत होती म्हणून नव्हे. बाईंपुढे दुसरे गिऱ्हाईक नव्हते, म्हणून तो होता.

मात्र ग्रामसभा भरते तेव्हा लोक तावातावाने भांडतात ते स्वतःच्या भाषेत, आणि इतिवृत्त लिहिले जाते मराठीत. लिहिणारा एकटाच असतो. ज्याच्या हाती लेखणी तो काय गाळतो हे इतरांना वाचता येत नाही. ज्या गावांत लिहून झाल्यावर इतिवृत्त कोरकूत सांगून मग अंगठे घेतले जातात, तेथे पैशाची भांडणे कमी होतात, असे मी फिरताना पाहिले आहे. एवढ्यापुरता भाषेचा मुद्दा मान्य.

सिपनाकाठ

इतका वेळ वाचत होतो. मी कोरकू आहे, परतवाड्यात नोकरी करतो. माझ्या भाषेबद्दल सर्वजण बोलत असताना मी गप्प राहणे बरे दिसणार नाही.

सीताफळ यांचे बरोबर आहे, दुसरे गिऱ्हाईक नसते. पण रानमोह यांचेही बरोबर आहे. व्यापाऱ्याच्या जोडीला आणखी एक माणूस आहे, त्याचे नाव कोणी घेतले नाही. तो म्हणजे मुकादम. दिवाळीनंतर आमची गावे संत्र्याच्या बागांवर, हरभऱ्यावर, वीटभट्ट्यांवर जातात आणि होळीला परत येतात, कारण होळी आणि फगवा गावाबाहेर करता येत नाही. बागवानाला कोरकू येत नाही आणि आमच्या बायकांना त्याची वऱ्हाडी कळत नाही. दोघांच्या मध्ये मुकादम असतो आणि तो माणशी कमिशन घेतो. मजुरी किती ठरली हे दोन्ही बाजूंना तोच सांगतो. दोन्ही आकडे सारखे असतात असे नाही. माझ्या वडिलांनी एक हंगाम असा काढला की आम्हाला खरा दर कळला तो परतताना गाडीत, दुसऱ्या टोळीकडून. हा मुकादम बाहेरचा नव्हता. आमच्याच गावचा, आमच्याच भाषेचा होता. तेव्हा मूल्य भाषकाकडे गेले की प्रश्न सुटला असे समजू नये. ते एकाच भाषकाकडे गेले तर तो नवा व्यापारी होतो. खूप जणांना दोन्ही भाषा येणे हाच मुकादमावर उपाय आहे, म्हणून अकोटकरकाकांचे मराठी-इंग्रजीचे म्हणणे मी टाकून देत नाही.

मी आश्रमशाळेत शिकलो. वसतिगृहात कोरकू बोललो की मुले हसत. वडील मला बजावत, की शहरात फोनवर आपल्या बोलीत बोलू नकोस, खोली भाड्याने मिळणार नाही. मी आजही बसमध्ये आईचा फोन आला की हिंदीत बोलतो. आईला वाटते मी रागावलो आहे.

भाषेतून मला आजवर काय मिळाले तेही सांगतो. एका संशोधकाबरोबर मी सहा दिवस फिरलो, शंभराहून अधिक घरांत प्रश्नावली भरून दिली, प्रत्येक प्रश्न कोरकूत विचारला. शेवटी मला जेवण, एक वही आणि प्रमाणपत्र मिळाले. प्रमाणपत्रावर ‘सहकार्याबद्दल’ असे लिहिले होते. गाडीच्या चालकाला मात्र दिवसाच्या दराने पैसे मिळाले. गाडी चालवणे हे काम समजले जाते आणि बोलणे समजले जात नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला.

आणि एक विनंती आहे. भाषा जपण्याची जबाबदारी आमच्यावर टाकू नका. तुम्ही आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालता आणि आमच्या मुलांनी कोरकू टिकवावी अशी अपेक्षा करता, हे आम्हाला दिसते. मला ती टिकावी असे वाटतेच. पण माझ्या बहिणीला दवाखान्यात तिच्या बोलण्याचे मानधन मिळू लागले, तर ती मुलांशी आपोआप कोरकूत बोलेल. आज ती मोडक्या मराठीत बोलते, कारण तिला वाटते त्यातून काही मिळेल.

पाटीपेन्सिल

सिपनाकाठ, तुमच्या आईच्या वाक्याने गलबललो. ‘सहकार्याबद्दल’ हा शब्द मीही किती प्रमाणपत्रांवर लिहून दिला असेल, आठवत नाही.

रानमोह

सीताफळ यांची दुरुस्ती मान्य करतो. व्यापाऱ्याच्या बाबतीत मी भाषेला जास्त श्रेय दिले. मुकादमाचे तर माझ्या लक्षातच आले नव्हते.

एक अगदी छोटी गोष्ट सुचते आहे. गावोगावी बँक मित्र असतात आणि त्यांना व्यवहारामागे कमिशन मिळते. पैसे काढून दिले की कमिशन मिळते, पण खाते का बंद पडले हे वीस मिनिटे समजावून सांगितले तर काही मिळत नाही. त्यामुळे समजावणे कोणी करत नाही. माझ्या जुन्या शाखेतील सध्याचे अधिकारी ओळखीचे आहेत. बाजाराच्या दिवशी चार तास एक कोरकू बोलणारी व्यक्ती मदत कक्षात बसवावी आणि तिला अर्धवेळ कामाचा रोख मोबदला द्यावा, असा प्रस्ताव मी त्यांना लिहून पाठवतो. वरून मंजूर होईल की नाही सांगता येत नाही. प्रस्तावात ‘सहकार्य’ हा शब्द येणार नाही.

सिपनाकाठ, त्यासाठी दहा-बारा वाक्ये तयार हवी आहेत. पहिलेच वाक्य मला अडले आहे. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की आम्ही ‘खाते निष्क्रिय झाले’ म्हणतो. हे तुमच्याकडे कसे सांगाल?

सिपनाकाठ

निष्क्रिय वगैरे शब्द सांगून उपयोग नाही. मी आजीला कोरकूत सांगितले होते, ‘खाते झोपले आहे, मेले नाही. आधार घेऊन जा, अंगठा दे, उठेल.’ ती लगेच निघाली. मेले म्हटले असते तर घरीच बसली असती, कारण शेजारच्या एका बाईला कोणीतरी तसेच सांगितले होते आणि तिने पासबुक चुलीत टाकले.

बाकीची वाक्ये मराठीत पाठवा. रविवारी गावी जाणार आहे, आईला आणि बहिणीला विचारून लिहितो. बहिणीचा तासाचा दर मी ठरवणार नाही, तिलाच विचारा.